पाच मिनिटांचं काम

सोमवार, ४ मार्च

आज वकिलांची लिफ्ट बंद होती. वर्तमानपत्रं या घटनेची दखल घेणार नाहीत, म्हणून निदान इथे तरी ती नोंदवून ठेवते. आमच्या कोर्टाच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. एक न्यायाधीशांची, दुसरी वकिलांची. पक्षकारांना जिना आहे. तो ऐसपैस बांधलाय, हे मान्य करायला हवं. तर आमच्या लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती सुरू आहे' असा कागद डकवलेला, आणि आसपास दुरुस्ती करणारं चिटपाखरूही नाही. एका हातात फायली, दुसऱ्या हातात काळा कोट, पायात नव्या कोऱ्या चपला, आणि मी जिन्याच्या पायथ्याशी उभी. माझ्यासारख्या मुरलेल्या वकील बाईवर ही वेळ यावी, आणि तीही प्रत्यक्ष न्यायाच्या दारात. पहिल्या मजल्यावर मला न्यायसंस्थेची काळजी वाटू लागली, दुसऱ्यावर गुडघ्यांची, आणि तिसऱ्यावर पोचले तेव्हा मी दोन्हींची आशा सोडली होती.

पण एक गोष्ट लिहायला हवी. जिन्यावर माणसं बसली होती. जवळजवळ प्रत्येक पायरीवर, भिंतीला टेकून. मी जवळ आले की गुडघे आवरून घ्यायची, गेले की पुन्हा पसरायची. सरावाचं काम. आपल्या कोर्टात इतकी माणसं असतात हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे फायलींवरून माहीत होतं.

वर आल्यावर अण्णांना विचारलं, हे लोक जिन्यावर का बसतात? अण्णा म्हणजे माझे कारकून. त्यांची माझी सोबत माझ्या लग्नापेक्षा जुनी आहे, आणि भांडणं कमी. ते म्हणाले, "बाकांवर वकील बसतात म्हणून."

यावर काहीतरी केलं पाहिजे.


मंगळवार, ५ मार्च

आज मुद्दाम चार नंबरच्या कोर्टात सकाळीच जाऊन बसले. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, दाराबाहेर लावलेली असते. एक, दोन, तीन असे नंबर असतात. एखाद्या परग्रहावरच्या पाहुण्याला वाटेल की एकनंतर दोन येत असतील.

साहेब येऊन बसले. पट्टेवाल्याने पहिल्या प्रकरणाच्या पुकाऱ्यासाठी तोंड उघडलं, आणि ते मिटायच्या आत पुढच्या रांगेतून एक काळा कोट उठला. "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे." ते झालं की दुसरा. त्याचंही पाच मिनिटांचंच. या प्रथेचे मूळ पुरुष आमच्या बारमधले एक ज्येष्ठ वकील आहेत. सगळी बार रूम पाठीमागे त्यांना 'पाचमिनिटे' म्हणते, आडनाव असल्यासारखं. आवाज असा की खिडक्यांच्या काचा हजेरी देतात. आज त्यांची पाच मिनिटं जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरली. बोर्डावरचा एक नंबर दुपारी पुकारला गेला, दोन नंबर पावणेपाचला, आणि बाकीच्यांना तारखा. जिना रिकामा झाला.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते म्हणून आपण निर्धास्त असतो. तिचे कान उघडे आहेत याकडे कुणाचं लक्ष नाही. ओळखीचा आवाज तिला बरोबर कळतो. लाच घेणारा न्यायाधीश लोकांना दिसतो, त्याच्यावर ओरडता येतं. पण इथे कुणी काही घेत नाही, कुणी काही देत नाही. सगळे सभ्य. फक्त ज्याला मोठा वकील करता येतो त्याचं दुखणं सकाळी ऐकलं जातं, आणि बाकीच्यांचं दुखणं पुढच्या महिन्यात.

दुपारी अण्णांनी हळूच आठवण करून दिली की आपलंही एक लवकर आटपून घ्यायचंय. मी उठले, "साहेब, पाच मिनिटं" म्हटलं, आटपलं. आपलं खरोखरच पाच मिनिटांचं होतं. हा फरक असतो.


गुरुवार, ७ मार्च

लेख लिहून झाला. वकील संघाच्या पत्रकाला एक प्रत, मुख्य न्यायाधीशांना अर्ज म्हणून दुसरी. स्वतःच्या तोंडाने म्हणू नये, पण झकास उतरलाय. मागणी साधी आहे. सगळ्यात जुनी प्रकरणं आधी, नवी नंतर. आणि एकदा क्रम लागला की तो कुणासाठीही, कोणत्याही कारणासाठी मोडता कामा नये. 'कोणत्याही कारणासाठी' याच्याखाली दोन रेघा मारल्या.

जेवताना नवऱ्याला वाचून दाखवला. नवरा दातांचा डॉक्टर. मी बोलत असले की त्याचं लक्ष शब्दांपेक्षा माझ्या दाढांकडे असतं. तो म्हणाला, चांगलं लिहिलंयस. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझ्याकडेही नंबर असतात. पण गाल सुजून कुणी आलं की मी नंबर बाजूला ठेवतो."

मी म्हटलं, हीच ती पळवाट. उद्या प्रत्येक जण गालात कापूस कोंबून येईल.

"मला कळतं ना, तोंड उघडल्यावर."

"तुला बत्तीसच दात बघायचे असतात. साहेबांपुढे रोज चाळीस-पन्नास तोंडं असतात."

"उघडून तर बघावीत," तो म्हणाला आणि भांडी उचलायला लागला. दातांच्या डॉक्टरांना कायद्यातलं फार कळत नाही. कळायची गरजही नाही.


शनिवार, ९ मार्च

ऑफिसात पाळणाघरवाल्या बाई आल्या होत्या. माझ्या अशील. तळमजल्यावरचा एक हॉल आणि पुढचं छोटं अंगण भाड्याने घेऊन त्या पाळणाघर चालवतात. जागेच्या मालकाला तिथे फर्निचरचं दुकान काढायचंय. सोफ्यांना सर्दी होत नाही आणि ते दुपारी रडत नाहीत, त्यामुळे त्याचं म्हणणं मला समजतं. पण करार बाईंच्या बाजूने आहे. तूर्त त्यांना बाहेर काढू नये असा तात्पुरता मनाई हुकूम मी मिळवलाय. तो बावीस तारखेपर्यंत आहे. त्या दिवशी वाढवून घ्यायचा.

बाई दिवसभर पोरांत असतात, त्यामुळे मोठ्या माणसांशीही तशाच बोलतात. आल्या आल्या मला म्हणाल्या, "आधी पाणी प्या बघू, मग बोला." मी निमूटपणे प्यायले. मग विचारलं, बावीसला वाढवून मिळेल ना? मी म्हटलं, मिळतंच. उपचार असतो तो. पाच मिनिटांचं काम.

मग मी त्यांना माझ्या लेखाबद्दल सांगितलं. कौतुकाने ऐकतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, म्हणजे आमचं लवकर होईल का? मी म्हटलं, सगळ्यांचं न्याय्य होईल.

"मला न्याय्य नको, मॅडम. मला हॉल हवाय."

सामान्य माणसाला तत्त्व समजावून देणं हे वकिलाचं सगळ्यात अवघड काम. फी त्यात धरलेली नसते.


मंगळवार, १२ मार्च

लेख छापून आला आणि वारूळ फुटलं. बार रूममध्ये मी शिरले तर बोलणं थांबलं. पाचमिनिटे मात्र उठून भेटले, म्हणाले, "मॅडम, काय भाषा आहे तुमची. कात्रण कापून ठेवलंय मी." माणूस प्रथेचा गुलाम असला तरी त्याला भाषेची जाण आहे.

दुपारी मुख्य न्यायाधीशांचं बोलावणं. मला वाटलं खडसावतील. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, अशा तक्रारी आमच्या पेटीत वर्षभर पडतायत, जिन्यावरची माणसंच टाकतात, पण वकिलाकडून पहिलीच. (माणसं तक्रार करतात, पण मांडणी लागते. ती माझ्या लेखात होती.) मग त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला, त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कोणत्याही कारणासाठी?"

मी म्हटलं, "कोणत्याही, साहेब. एक अपवाद केला की दार उघडलं."

ते हसले. आदराने हसले असावेत. अठरा तारखेपासून चार नंबरच्या कोर्टात प्रयोग म्हणून हा नियम लागू. दारावर नोटीस लागणार. माझ्या शब्दांत.


बुधवार, १३ मार्च

बार रूममध्ये माझ्याशी कुणीही बोललं नाही. सुरेख शांतता. बरेच निकाल वाचून झाले.


सोमवार, १८ मार्च

आजचा दिवस सोन्याचा.

साहेब बसले. सवयीने पाचमिनिटे उठले, "साहेब, पाच" एवढं म्हणाले, आणि साहेबांनी पेनाने दाराकडे, नोटिशीकडे दाखवलं. ते बसले. त्या माणसाला इतक्या चटकन बसताना मी आजवर पाहिलं नव्हतं. पट्टेवाल्याने एक नंबर पुकारला. जिन्यावरून एक म्हातारं जोडपं आत आलं. आपलं नाव सकाळी सकाळी ऐकून ती दोघं इतकी गोंधळली की चुकीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. मग दोन नंबर. मग तीन. क्रमाने. मी मागे बसून ऐकत होते. मला गाणंबिणं कळत नाही, पण गाण्यातल्या लोकांना असंच काहीतरी होत असणार.

एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवते. एका साक्षीदाराच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. त्याचा नंबर तिसाच्या पुढे. दुपारी तीन वाजेपर्यंत थांबला, मग त्याला उचलून न्यावं लागलं. त्याला तारीख मिळाली. वाईट वाटलं. पण नियम नवा आहे, थोडा चावणारच. हळूहळू पायात बसेल.


मंगळवार, १९ मार्च

अण्णांनी शुक्रवारचं बोर्ड आणलं. टेबलावर ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. अण्णा खिडकीतून बाहेर बघतात तेव्हा बाहेर काहीही नसतं.

पाळणाघर: चव्वेचाळीस.

जुनी प्रकरणं आधी. आमचं प्रकरण यंदाचं, म्हणून तळाला. चार नंबरच्या कोर्टात दिवसाला पंचवीस-तीस प्रकरणं झाली तरी मोठी मजल. शुक्रवारी पाचला कोर्ट उठणार, शनिवारपासून दोन आठवडे सुट्ट्या. शुक्रवारी पुकारा झाला नाही तर मनाई हुकूम त्याच संध्याकाळी संपतो, आणि शनिवारी सकाळी मालक हॉलला स्वतःचं कुलूप लावायला मोकळा. लावणारच. अण्णा सांगत होते, सोफे येऊन पडलेत म्हणे, टेंपोत झाकून.

अण्णा म्हणाले, "एरवी आपण उभं राहिलो असतो."

"नियम आहे, अण्णा."

"हो. आपलाच," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

दुपारी तातडीचा लेखी अर्ज दिला. कार्यालयाने तासाभरात परत पाठवला: क्रमाने पुकारा होईल तेव्हा विचार करण्यात येईल. शेऱ्याखाली माझ्या नोटिशीचा क्रमांक घातला होता. मग मालकाच्या वकिलाला फोन केला. दोन्ही बाजूंची संमती असली की मुदत कागदावरच वाढते, पुकारा लागत नाही. मालकाचे वकील म्हणजे पाचमिनिटे. फोनवर ते इतके गोड बोलले की माझे दात दुखले. माझी संमती असती हो, म्हणाले, पण तुम्ही एवढ्या तळमळीने मांडलेलं तत्त्व माझ्याकडून मोडायचं म्हणजे मनाला पटत नाही.


गुरुवार, २१ मार्च

दोन दिवस विचार केला आणि माझं मत बदललेलं नाही. नियम बरोबर आहे. नियमाला माझ्या अशिलाची ओळख नाही, एवढीच अडचण. आणि ओळख नसणं हाच तर त्याचा गुण होता. पाचमिनिट्यांचा अशील मागे राहिला असता तर मी याला न्याय म्हटलं असतं. मग पाळणाघर मागे राहिलं तर त्याला काय म्हणायचं? इथे माझी लेखणी जरा अडते. उद्या विचार करीन. उद्या वेळ नसेल.

संध्याकाळी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. नंबरही सांगितला, चव्वेचाळीस. मागे कुणीतरी पोर दुसऱ्या पोराचं काहीतरी हिसकावून घेत होतं. मग त्यांनी विचारलं, "मग सोमवारी मुलं कुठं ठेवू?" माझ्याकडे उत्तर होतं. नंतर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, तो भक्कम आहे. मी सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, झोपलेला एक उठलाय, आणि फोन ठेवला.

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भात कालवत राहिला. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की नवऱ्याचं न बोलणं शब्दशः ऐकू येतं. मी म्हटलं, म्हण एकदाचं, सुजलेला गाल. तो म्हणाला, मी कुठे काही म्हटलं? मग थोड्या वेळाने विचारलं, त्या बाई उद्या येणार आहेत का कोर्टात? मी म्हटलं, येऊन काय करतील? पक्षकाराने तिथे करण्यासारखं काही नसतं.


शुक्रवार, २२ मार्च

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी लिफ्ट चालू होती, तरी मी जिन्याने गेले, कारण अण्णांनी सांगितलं की बाई जिन्यावर आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या होत्या. मांडीवर पाळणाघरातली एक तीनेक वर्षांची मुलगी. तिची आई सकाळच्या पाळीला गेलेली, आणि ही दुसऱ्या कुणाकडे राहत नाही. पोरगी किल्ल्यांच्या एका भल्यामोठ्या जुडग्याशी खेळत होती. जुडगं शेजारच्या पायरीवर बसलेल्या माणसाचं. कुलूपकिल्लीवाले, साठीचे, बोटं काळी पडलेली. त्यांच्या दुकानावर वरच्या शेजाऱ्याच्या नळाचं पाणी गळतं, त्याबद्दल त्यांचा दावा आहे. अकरा वर्षं चाललाय. वकील केला होता, तो वारला. दुसरा केला नाही. आता स्वतःच उभे राहतात.

बाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, यांचा नंबर दोन आहे. ते आपला घेतायत, आपल्याला त्यांचा देतायत."

मी म्हटलं, असं करता येत नाही. हे काय बसमधलं सीट आहे? कुलूपकिल्लीवाले माझ्याकडे बघून म्हणाले, विचारून तर बघू. मी त्यांना समजावलं की असं विचारायची पद्धतच नाही, कायद्यात याला आधार नाही, आणि दारावरची नोटीस मीच लिहिलेली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पोरीच्या हातातून जुडगं न घेताच उठले आणि आत गेले.

एक नंबर लवकर आटपला. दोनचा पुकारा झाला. कुलूपकिल्लीवाले उभे राहिले, त्यांच्यामागे पोरीला कडेवर घेऊन बाई उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "साहेब, माझा नंबर या बाईंना द्या. त्यांचा चव्वेचाळीस मी घेतो."

 पाचमिनिटे उठले. आज काचा वाजल्या नाहीत. आवाज मखमली होता. त्यांनी खिशातून माझ्या लेखाचं कात्रण काढलं आणि वाचलं: "'एकदा लागलेला क्रम कुणासाठीही, कोणत्याही कारणासाठी मोडता कामा नये.' हे माझे शब्द नाहीत, साहेब. माझी एवढी लायकी नाही. हे विरुद्ध बाजूच्या विद्वान वकिलांचे आहेत." कुणीतरी मागे हसलं. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मग सगळेच.

मी उठले. माझ्याच वाक्याविरुद्ध युक्तिवाद करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि वाक्य चांगलं होतं, हेच दुर्दैव.  

मी म्हटलं, "लेख माझाच आहे, साहेब. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण तो मी पुढे घुसणाऱ्या माणसाबद्दल लिहिला होता. आपण होऊन मागे जाणाऱ्याबद्दल त्यात काही नाही, कारण असा माणूस कोर्टात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं की नुसतंच पेन हलवलं, कळलं नाही. त्यांनी कुलूपकिल्लीवाल्यांना विचारलं, चव्वेचाळिसावा नंबर आज लागेलच असं नाही, मग तुमचं सुट्टीनंतर जाईल, कळतंय ना?

"कळतंय साहेब. माझं पुढे गेलं तर आणखी थोडं गळेल. यांचं गेलं तर कुलूप बसेल. कुलपाचं मला ठाऊक आहे."

साहेबांनी नोटीस मागवली. पट्टेवाल्याने ती दारावरून काढून आणली, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लोंबत होती. साहेबांनी ती अगदी शेवटपर्यंत वाचली, जणू आज पहिल्यांदाच वाचत होते. मग म्हणाले, ही नोटीस पुढे जाण्याला मनाई करते. मागे जाण्याला करत नाही. बदल मंजूर. आणि पट्टेवाल्याला, परत लावा.

आमचं काम झालं. पाचमिनिट्यांनी विरोध केला, पण करारातलं बाईंच्या बाजूचं कलम त्यांनाही पाठ आहे, त्यामुळे आवाजात जीव नव्हता. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मनाई हुकूम कायम. आता दर महिन्याला वाढवून घ्यायची भानगड नाही. घड्याळ मी पाहिलं नाही. पाच मिनिटांहून कमीच लागली असतील.

बाहेर आल्यावर बाईंनी आधी पोरीच्या मुठीतून जुडगं सोडवून घेतलं, ती रडली, मग ते कुलूपकिल्लीवाल्यांना परत दिलं. त्यांना काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही सकाळपासून." आणि पोरांची जेवणाची वेळ झाली म्हणून धावत गेल्या. पायऱ्या दोन-दोन उतरत.

बार रूममध्ये मी जरा रुबाबात बसले. हे मान्य करते. पाचमिनिटे येऊन म्हणाले, मागे जाणाऱ्याचा मुद्दा सुंदर काढलात, मॅडम. मी म्हटलं, सुचला. मग माझ्या डोक्यात लेखाचा पुढचा भाग तयार व्हायला लागला. नियम हवाच, पण त्याला एक खिडकी हवी. नाव काय द्यावं, कलम कसं लिहावं. दोन पानं झालीसुद्धा. नवऱ्याला वाचून दाखवणार नाही. तो पुन्हा दातांकडे बघेल.

साडेचारला अण्णा आले. गाडी खाली आहे म्हणाले, उद्यापासून सुट्टी, लवकर निघू. मी सहज विचारलं, ते कुलूपकिल्लीवाले गेले का? अण्णा म्हणाले, कुठे जातायत. सकाळपासून चार नंबरमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे आहेत. जेवले नाहीत. पाणी प्यायलाही खाली उतरले नाहीत. वकील नाही ना त्यांना. पुकारा झाला आणि माणूस जागेवर नसला, तर गैरहजर म्हणून दावा काढून टाकतात. अकरा वर्षं गेली म्हणायची.

मी अण्णांना म्हटलं, तुम्ही निघा. अण्णांनी या वेळी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि निघाले.

चार नंबरमध्ये गेले. सव्विसावं प्रकरण चालू होतं. कुलूपकिल्लीवाले खरंच भिंतीला टेकून उभे होते, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत. मी हळू आवाजात म्हटलं, जा, काहीतरी खाऊन या. मी थांबते इथे. पुकारा झाला तर मी बोलते.

ते म्हणाले, "तुम्ही कशाला, मॅडम? तुम्हाला कामं असतील."

"आज नाहीत," मी म्हटलं. पाच होती.

त्यांनी थोडा विचार केला. मग कागदांची पिशवी माझ्याकडे दिली, जुडगं स्वतःकडे ठेवलं, आणि जवळजवळ पळतच गेले. माणसाने किती वेळ दाबून धरलेलं असतं ते चालीवरून कळतं. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. भरलेला होता, काळ्या कोटांनी. एक तरुण वकील मला पाहून उठायला लागला. मी त्याला बस म्हटलं आणि भिंतीला टेकले. थोड्या वेळाने मलाही वजन दुसऱ्या पायावर घ्यावं लागलं.

पाच वाजत आले तसे वकील एकेक करून उठायला लागले. सुट्टी लागते, तारीख द्या. साहेबांनी ज्यांनी मागितली त्यांना दिली. सत्तावीस, अठ्ठावीस, तीस, चाळीस, सगळे भराभर गेले. बाक रिकामे झाले. पाच वाजले तेव्हा साहेबांचा लघुलेखक पेनाला टोपण लावून बसला होता. साहेब पाचला उठतात, अगदी वाक्याच्या मध्येसुद्धा. आज उठले नाहीत. पट्टेवाल्याकडे बघून म्हणाले, चव्वेचाळीस.

पट्टेवाल्याने दारातून पुकारा केला. जिन्यात घुमला. कुणी आलं नाही. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर लिहितात, गैरहजर.

मी पिशवी घेऊन पुढे गेले आणि उभी राहिले.

"मॅडम," साहेब म्हणाले, "यांचं वकीलपत्र तुमचं आहे?"

"नाही, साहेब. मी त्यांची जागा धरून उभी होते. हात धुऊन येतायत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग आम्ही सगळे, साहेब, लघुलेखक, पट्टेवाला आणि मी, दाराकडे बघत थांबलो.